अमेरिकेंतील निगुरे कलावंत

अमेरिकेच्या चित्रकलेचा इतिहास वाचावयास घेतला म्हणजे आरंभींच एक चमत्कारिक गोष्ट आढळते. इटली, फ्रान्स, हॉलंड या देशांचे असले इतिहास गुरुपरंपरेनें चालतात. अमका चित्रकार अमक्याचा शिष्य, तो तमक्याच्या कारखान्यांत रंग घोटीत वाढलेला, अशी ती वंशावळ मागें मागें जाते. अमेरिकेंत ती पहिल्याच पायरीवर तुटते. बोस्टनचा जॉन सिंगल्टन कोप्ली हा त्या देशाचा पहिला थोर चित्रकार समजला जातो. त्याचा जन्म १७३८ चा. त्या काळीं बोस्टनमध्यें चित्रशाळा नव्हती आणि पाहून शिकावें असे चित्रसंग्रहहि नव्हते. कोप्लीचा सावत्र बाप तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरून छापणारा होता; त्याच्या घरांतील छापील चित्रें आणि कांहीं पुस्तकें एवढ्या सामुग्रीवर या मुलानें आपला हात तयार केला. १७६६ सालीं त्याचें एक चित्र लंडनच्या प्रदर्शनांत लागलें, तेव्हां तिकडील जाणत्यांनींहि मान डोलाविली. याच कोप्लीनें एका पत्रांत अशी तक्रार केली आहे कीं, आपल्या गांवचे लोक चित्रकलेस सुतार, शिंपी किंवा जोडे शिवणारा यांच्या धंद्याहून निराळें असें कांहीं समजत नाहींत.

कोप्लीची ही तक्रार वाचकांनीं ध्यानांत ठेवावी अशी आमची विनंती आहे. पुढें दीडशें वर्षांनीं काळानें तिची मोठी थट्टा केली. त्याच देशांतील रसिक लोक शिंपी, रंगारी आणि पाथरवट यांच्या घरांतून व परसांतून चित्रें आणि मूर्ति शोधीत हिंडूं लागले, त्यांना न्यूयॉर्कच्या नामांकित संग्रहालयांत नेऊन बसवूं लागले, आणि पुढें थोड्याच वर्षांत तेथून उठवूंहि लागले. हें बसविणें आणि उठविणें कसें झालें, तेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

जोंवर शाळा नाहीं तोंवर शाळेबाहेरचा असा कोणी असूं शकत नाहीं. फिलाडेल्फियाची कलाशाळा १८०५ सालीं निघाली, न्यूयॉर्कची राष्ट्रीय अकादमी १८२५ सालीं. त्यानंतर ऐपतीचे विद्यार्थी पॅरिसला जाऊं लागले आणि हळूहळू चित्रकारांच्या दोन जाती झाल्या. पेन्सिल्व्हेनियाचा एडवर्ड हिक्स (१७८०–१८४९) हा गाड्या व पाट्या रंगविणारा कारागीर. सिंह आणि वासरूं, लांडगा आणि कोंकरूं एकत्र नांदतील, या बायबलांतील भविष्यवाणीवर त्यानें एकच देखावा साठाच्या आसपास वेळां रंगविला. आज तीं चित्रें अमेरिकेचीं भूषणें मानलीं जातात. त्याच्या हयातींत मात्र त्याला कोणी स्वयंशिक्षित चित्रकार म्हटलें नाहीं. क्वेकर पंथाचा उपदेशक म्हणून लोक त्यास ओळखीत आणि पोटासाठीं तो पाट्या रंगवी, एवढेंच.

हिक्स आणि त्याच्यासारखे शेंकडों निनांवी कारागीर यांजकडे पुन्हां लक्ष गेलें तें विसाव्या शतकांत, आणि तेंहि प्रथम गेलें नव्या पंथाच्या चित्रकारांचें. मेन संस्थानांतील ओगंक्विट या समुद्रकांठच्या गांवीं हे लोक उन्हाळ्यांत राहावयास जात. तेथील कोळ्यांच्या झोंपड्या त्यांच्यासाठीं सजविलेल्या असत. जुनीं चित्रें, लांकडी बदकें, वाऱ्याची दिशा दाखविणारे पत्र्याचे कोंबडे असा सारा सरंजाम. पॅरिसहून नवें वारें नुकतेंच आलें होतें. आकृति सपाट, रंग निखळ, दूर-जवळचा हिशेब फारसा ठेवावयाचा नाहीं, असा तो नवा धडा. आणि पाहतात तों आपल्या खेड्यांतील पाटीवाल्यांनीं तो शंभर वर्षांपूर्वींच गिरविलेला! नव्या घराण्याला पितर हवे होते, ते असे आयते सांपडले. १९३० सालीं न्यूअर्कच्या संग्रहालयांत होल्गर केहिल यानें या जुन्या कामाचें प्रदर्शन मांडलें. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत त्यानेंच ‘सामान्य माणसाची कला’ या नांवानें दुसरें भरविलें. त्यांतील वस्तु ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर या बाईंनीं जमविलेल्या होत्या. मेलेल्या कारागिरांस मान देणें सोपें असतें. जिवंत कारागीर दाराशीं येऊन उभा राहिला म्हणजे प्रश्न अवघड होतो.

असा पहिला जिवंत कारागीर पिट्सबर्गचा जॉन केन. मूळचा स्कॉटलंडचा, १८६० सालीं जन्मलेला, पोरवयांतच खाणींत उतरलेला. अमेरिकेंत येऊन त्यानें कोळसा खणला, रस्त्यांची फरसबंदी केली. १८९१ सालीं आगगाडीखालीं सांपडून त्याचा एक पाय गेला. पुढें त्यास रेल्वेचे डबे रंगविण्याचें काम मिळालें. दुपारीं इतर मजूर जेवावयास गेले कीं हा डब्याच्या अंगावर डोंगर, झाडें, गुरें काढी आणि कामाची वेळ होतांच त्यांवर कंपनीचा रंग फासून टाकी. त्याचें असें किती काम त्या रंगाखालीं झांकून देशभर हिंडत राहिलें असेल, कोण सांगणार! त्यानंतर लोकांचीं छायाचित्रें मोठीं करून रंगवून देण्याचा धंदा त्यानें कित्येक वर्षें केला. चित्रशाळेंत शिकावें ही त्याची मोठी हौस होती, पैका नव्हता. कार्नेगीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनानें त्याचीं चित्रें दोन वर्षें परत पाठविलीं. तिसऱ्या वर्षीं, १९२७ सालीं, परीक्षकांपैकीं अँड्र्यू डॅसबर्ग या चित्रकाराच्या आग्रहानें एक घेतलें गेलें. तें चित्र एका घररंगाऱ्याचें आहे हें कळतांच वर्तमानपत्रांना मोठा विषय मिळाला, आणि सदुसष्ट वर्षांचा लांकडी पायाचा रंगारी एका रात्रींत प्रसिद्ध झाला.

आतां पुढचें पाहा. थोड्याच वर्षांनीं असें उघडकीस आलें कीं, केनच्या कांहीं चित्रांच्या रंगाखालीं छायाचित्रें आहेत. झालें! ज्यांनीं त्याला डोक्यावर घेतलें होतें त्यांनाच आपण फसलों असें वाटूं लागलें. थॉमस ईकिन्ससारखा पॅरिसला शिकून आलेला चित्रकारहि छायाचित्रांचा उपयोग करीत असे. त्यामुळें त्याचें मोठेपण कोणीं हिरावून घेतलें नाहीं. मग केननें आपल्या पोटाच्या धंद्यांतलें साधन चित्रासाठीं वापरलें यांत त्याचा अपराध तो कोणता? अपराध एवढाच कीं, त्याला कांहीं तरी येत होतें. आपल्याकडे संतांच्या बोलण्यांत ‘निगुरा’ हा शब्द निंदेचा आहे. अमेरिकन रसिकांनीं त्याची पदवी केली खरी, पण तिला अट अशी घातली कीं, ती धारण करणारानें खरोखरीच कांहीं शिकलेलें असतां कामा नये. द्रोणाचार्यांनीं एकलव्याचा आंगठा मागितला. येथें दक्षिणा मागितली ती अज्ञानाची.

ही अट मनांत धरून नॅशव्हिलच्या विल्यम एडमंडसनकडे वळूं. याचे आईबाप गुलाम होते. त्याचा स्वतःचा जन्म १८७४ च्या सुमाराचा. रेल्वेच्या कारखान्यांत पाय दुखावल्यावर तो पुष्कळ वर्षें बायकांच्या एका इस्पितळांत झाडलोट करी आणि पडेल तें काम करी. १९३१ च्या सुमारास तें इस्पितळ बंद पडलें आणि साठीच्या घरांत आलेला हा एकटा माणूस बेकार झाला. त्याच सुमारास, त्याच्या सांगण्याप्रमाणें, त्यास ईश्वराची आज्ञा झाली कीं, हत्यारें घे आणि थडग्याचा दगड घडीव. पाडलेल्या घरांच्या पायऱ्या, रस्त्याच्या कडेचे धोंडे, असा चुनखडीचा दगड त्यास स्वस्तांत मिळे. रेल्वेच्या रुळांचे खिळे ठोकून त्यांच्या छिन्न्या झाल्या. आपल्याच समाजांतील मृतांसाठीं तो दगड घडवूं लागला. परसांत त्यानें फळी लावली, तीवर थडग्याचे दगड व बागेच्या शोभेच्या वस्तु विकत मिळतील असें लिहिलें. हळूहळू दगडांवर पारवे बसले, कोंकरें आलीं. मग मेरी आणि मार्था, नोहाची नौका, शाळेंतील मास्तरीणबाई, मुष्टियोद्धा, अशी वस्ती वाढत गेली.

या मूर्ति आम्हीं छायाचित्रांतूनच पाहिल्या आहेत, तरी त्यांचा ठसा पुसतां येत नाहीं. मूळचा ठोकळा जेवढा असेल त्याच्या बाहेर मूर्तीचें कोपरहि जात नाहीं. हात अंगाशीं, मान आंखूड, घागरा घंटेसारखा. पाथरवटानें नको तेवढेंच काढून टाकलें आणि हात आंवरला. ज्यानें आधीं थडग्याचे दगड घडविले त्यालाच दगडाचें हें मौन साधतें, असें आम्हांस वाटतें.

जवळच राहणाऱ्या सिडनी हर्श या कवीच्या दृष्टीस हें परस पडलें. त्याच्या मित्रमंडळींकडून तें लुइज डाल-वुल्फ या छायाचित्रकार बाईंस कळलें. त्यांनीं काढलेलीं छायाचित्रें ज्या बायकांच्या मासिकासाठीं होतीं, तेथें कृष्णवर्णी माणसास जागा नव्हती, म्हणून तीं छापलीं गेलीं नाहींत. तीं आल्फ्रेड बार याच्यापुढें मात्र गेलीं. बार हा आधुनिक कलासंग्रहालयाचा पहिला संचालक. १९२९ सालीं संग्रहालय उघडलें तेव्हां त्याचें वय अवघें सत्तावीस होतें. १९३७ च्या ऑक्टोबरांत त्यानें एडमंडसनच्या बारा मूर्ति तेथें मांडल्या. त्या संग्रहालयांत स्वतंत्र प्रदर्शनाचा मान मिळालेला हा पहिला कृष्णवर्णी कलावंत. मात्र त्याची ओळख करून देण्यांत आली ती ‘भाबडा’ कलावंत म्हणून. हा शब्द आम्हांस खटकतो. गिऱ्हाईक कोण, दगड कोणता, तो पावसांत किती वर्षें टिकला पाहिजे, हें सर्व ज्यास ठाऊक, तो भाबडा कसा?

तथापि बारच्या पदरीं त्याचें श्रेय घातलेंच पाहिजे. १९३६ सालीं त्यानें घनवादी व अमूर्त कलेचें एक आणि अतिवास्तववादी कलेचें दुसरें अशीं दोन गाजलेलीं प्रदर्शनें भरविलीं होतीं; त्याच मालिकेंतील तिसरें, १९३८ सालीं, युरोप आणि अमेरिका येथील लोकचित्रकारांचें होतें. पिकासोच्या पंथाला जी पंगत, तींतच यांचेंहि पान. त्यांत पॅरिसच्या जकातनाक्यावरील नोकर रूसो होता, चार वर्षांपूर्वीं क्षयानें वारलेला केन होता, आणि वेस्ट चेस्टरचा होरेस पिपिन (१८८८–१९४६) होता. पिपिन पहिल्या महायुद्धांत कृष्णवर्णीयांच्या ३६९ व्या पलटणींत लढला; १९१८ सालीं फ्रान्समध्यें त्याच्या उजव्या खांद्यांत गोळी लागली. घरीं परतल्यावर त्यानें तापविलेल्या लोखंडी सळईनें फळीवर चित्रें डागण्यास आरंभ केला, आणि मग उजव्या हातास डाव्या हाताचा टेंकू देऊन तैलरंग हातीं घेतले. युद्धाच्या शेवटाचें त्याचें पहिलें मोठें चित्र सुमारें तीन वर्षें चाललें होतें. रंगाचे थर इतके चढले कीं कापडावर उठावाचें काम केल्यासारखें दिसतें. चौकटीवर त्यानें लांकडाच्या बंदुका, शिरस्त्राणें आणि हातबाँब कोरून बसविले. १९४३ सालचें त्याचें डॉमिनो खेळणाऱ्यांचें चित्र याच्या अगदीं उलट, शांत. एक काळवंडलेलें स्वयंपाकघर, टेबलाभोंवतीं घरचीं माणसें, आणि बाजूला एक बाई गोधडीचे तुकडे जोडीत बसलेली. गरिबीचें असें निर्मळ चित्र त्या दशकांत दुसऱ्या कोणाच्या हातून उतरलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ॲना मेरी मोझेस, अर्थात् सर्वांच्या मोझेस आजी (१८६०–१९६१), यांची कथा पुष्कळांस ठाऊक असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. संधिवातानें भरतकाम होईना म्हणून शेतकऱ्याच्या या विधवेनें कुंचला धरला. गांवच्या जत्रेंत त्यांच्या मुरंब्याला बक्षीस मिळालें, चित्रांना मिळालें नाहीं. १९३८ सालीं एका औषधाच्या दुकानाच्या खिडकींत तीं चित्रें एका फिरत्या संग्राहकाच्या दृष्टीस पडलीं. १९४० सालीं न्यूयॉर्कला त्यांचें प्रदर्शन झालें. पुढें राष्ट्राध्यक्ष ट्रूमनपर्यंत सर्वांनीं त्यांचा गौरव केला. त्यांचीं बर्फाच्छादित खेडीं नाताळच्या कार्डांवरून घरोघर पोहोंचलीं, आणि जें घरोघर पोहोंचतें त्याकडे टीकाकार पाहीनासे होतात. आमच्या मतें त्यांत आजींचें नुकसान फारसें झालें नाहीं.

खरें नुकसान झालें तें मॉरिस हर्शफील्ड याच्या प्रदर्शनांत, आणि तें त्याच्या एकट्याचें झालें नाहीं. पोलंडमध्यें १८७२ सालीं जन्मलेला हा यहुदी माणूस अठराव्या वर्षीं न्यूयॉर्कला आला, बायकांचे कोट शिवण्याच्या कारखान्यांत राबला आणि पुढें घरांत घालावयाच्या सपातांचा मोठा कारखानदार झाला. आजारपणामुळें धंदा सोडल्यावर १९३७ सालीं तो चित्रें काढूं लागला. सिडनी जॅनिस यानें त्यास उजेडांत आणलें. त्याचा वाघ, त्याची आरशांतील मुलगी हीं चित्रें पाहिलीं म्हणजे शिंप्याचा हात लपत नाहीं. दोन्ही बाजू कागदाच्या बेतावरून कातरल्याप्रमाणें सारख्या, वाघाचें अंग भारी कापडासारखें विणलेलें, पडद्याची झालर टांक्याटांक्यानें मोजलेली. मोंद्रियानसारखा कठोर चित्रकार त्याचा चाहता होता. ब्रेतों आणि द्युशां यांनीं १९४२ च्या आपल्या प्रदर्शनांत त्याचें चित्र लाविलें. १९४३ च्या उन्हाळ्यांत बारच्या संग्रहालयांत त्याचीं तीस चित्रें मांडलीं गेलीं आणि टीकाकार तुटून पडले. त्याच्या बायकांचीं दोन्ही पावलें एकाच बाजूस वळलेलीं असत, म्हणून त्यास ‘दोन डाव्या पायांचा उस्ताद’ अशी पदवी मिळाली.

आदल्याच नाताळांत बारनें जो मिलोनी या इटालियन मजुरानें नटविलेली बूट पुसण्याची बैठक संग्रहालयांत मांडली होती, ती विश्वस्तांच्या घशाखालीं उतरली नव्हती. त्यांत हर्शफील्डची भर पडली. १९४३ च्या ऑक्टोबरांत विश्वस्तमंडळाचे अध्यक्ष स्टीफन क्लार्क यांनीं बारला संचालकपदावरून दूर केलें. कारणें आणखीहि होतीं, पण शिंपी आणि बूट पुसणारा हीं त्यांतील लहान नव्हेत. दीडशें वर्षांपूर्वीं कोप्लीनें ज्या धंद्यांच्या पंगतीस बसण्याची लाज धरली, त्याच धंद्यांचीं माणसें पंगतीला घेतलीं म्हणून त्या देशाच्या सर्वांत जाणत्या संग्राहकास आपली जागा सोडावी लागली! बार गेला मात्र नाहीं; कमी पगारावर त्याच इमारतीच्या ग्रंथालयांत एका कोपऱ्यांत बसून लिहीत राहिला, आणि चार वर्षांनीं त्याच्या हातीं पुन्हां संग्रहाची व्यवस्था आली. परंतु तोंपर्यंत न्यूयॉर्कच्या नव्या अमूर्त चित्रकारांचें युग सुरू झालें होतें, आणि नव्या घराण्याला पितरांची गरज उरली नव्हती.

बारला आम्ही नायक करूं पाहतों असा वाचकांचा ग्रह होऊं नये. अलाबामा संस्थानांत १८५३ च्या सुमारास गुलामगिरींत जन्मलेला बिल ट्रेलर हा वयाच्या पंचाऐंशीच्या आसपास माँट्गोमेरी शहरांत रस्त्याच्या कडेला बसून, टाकून दिलेल्या पुठ्ठ्यांवर माणसें, खेंचरें, कुत्रीं, दारुडे आणि मारामाऱ्या काढूं लागला. रात्रीं तो एका प्रेतवाहकाच्या दुकानाच्या मागल्या खोलींत निजे. चार्ल्स शॅनन या तरुण चित्रकारानें त्यास रंग पुरविले आणि त्याचीं हजाराहून अधिक चित्रें संभाळून ठेविलीं. १९४२ सालीं तीं न्यूयॉर्कला आलीं असतां बारच्या संग्रहालयानें सोळा निवडून घेतलीं आणि त्यांची किंमत ठरविली: लहानास एक डॉलर, मोठ्यास दोन. शॅनननें तो पैसा नाकारला व चित्रें परत मागून घेतलीं. ज्या संचालकानें पुढच्याच वर्षीं एका शिंप्यापायीं आपली खुर्ची गमावली, त्याच्याच घरांत हा भाव ठरला. २०२० च्या जानेवारींत ट्रेलरचें एक चित्र लिलांवांत ५,०७,००० डॉलरांस गेलें. एडमंडसनचा मुष्टियोद्धा २०१६ सालीं ७,८५,००० डॉलरांस गेला होता.

मधल्या काळांत नांवें पुष्कळ बदललीं. कोणी या कलावंतांना आदिम म्हटलें, कोणी भाबडे, कोणी लोककलावंत. १९७२ सालीं रॉजर कार्डिनल या इंग्रज पंडितानें ‘बाहेरची कला’ असें नांव काढलें. या सर्व नांवांत त्यांच्याजवळ काय नाहीं तेवढेंच सांगितलें आहे. १९८२ सालीं वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन संग्रहालयानें कृष्णवर्णीयांच्या लोककलेचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां ट्रेलरचें नांव पुन्हां वर आलें. २००२ सालीं अलाबामांतील गीज् बेंड या खेड्यांतील बायकांनीं जुन्या विजारी व सदऱ्यांच्या चिंध्या जोडून केलेल्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांच्या भिंतींवर चढल्या. २०१४ सालीं मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दक्षिणेंतील अशा कलावंतांच्या ५७ कृतींची देणगी मिळाली. हर्शफील्डवर २०२२ सालीं मोठा ग्रंथ निघाला; त्याच्या लेखकानें त्याला नांव दिलें तें टीकाकारांनीं दिलेलीच ती दोन डाव्या पायांची पदवी.

जागेची गोष्ट निघाली आहे तर एका खऱ्याखुऱ्या जागेची हकीकत सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन लोककला-संग्रहालयानें २००१ सालीं आधुनिक कलासंग्रहालयाच्या अगदीं भिंतीशेजारीं स्वतःची नवी इमारत बांधली. दर्शनी भाग कांशासारख्या धातूच्या ओबडधोबड पत्र्यांचा. शिल्पज्ञांनीं तिची फार वाखाणणी केली. पण कर्ज फिटेना. २०११ सालीं इमारत विकावी लागली. घेणारा तोच शेजारी. २०१४ सालीं त्यानें ती पाडली, आणि २०१९ सालीं त्याचीं वाढविलेलीं दालनें त्या जागेवर उघडलीं. लोककला-संग्रहालय शहराच्या दुसऱ्या भागांतील आपल्या जुन्या, लहान जागेंतून चालूं राहिलें.

बिल ट्रेलर १९४९ सालीं वारला. माँट्गोमेरीच्या स्मशानांत त्याच्या नांवाचा दगड २०१८ सालीं, म्हणजे एकूणसत्तर वर्षांनीं, बसला. विल्यम एडमंडसन १९५१ च्या फेब्रुवारींत वारला व त्यास नॅशव्हिलच्या माउंट अरारात स्मशानांत पुरलें. त्या शहरांतील गरिबांच्या कित्येक थडग्यांवर त्याच्या हातचे दगड लागले होते. त्याच्या थडग्यावर कोणीं दगड लाविला नाहीं, आणि त्याची नेमकी जागा आज कोणाला दाखवितां येत नाहीं.